कराड-चिपळूण रस्त्यावर ई-कार: छोट्या गावात चार्जिंग कसं मिळवायचं

माझं सासर पाटण तालुक्यात, माहेर गुहागर तालुक्यात, आणि मधे कुंभार्ली घाट. गेली तीन वर्षं ही ये-जा मी ई-कारनेच करते. नवी गाडी घेतलेल्या ओळखीपाळखीच्या लोकांचे फोन येतात आणि प्रश्न एकच असतो, "ताई, तिकडे चार्जिंग मिळतं का?"

मिळतं, पण पुण्यात मिळतं तसं नाही. पुण्यात एक चार्जर बंद निघाला तर दुसरा दोन चौक सोडून असतो. आमच्याकडे दुसरा चाळीस किलोमीटरवर असू शकतो, आणि त्या चाळीसात घाटही येऊ शकतो. केंद्र सरकारच्या २०२४ पूर्वीच्या नियमावलीत महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंग स्टेशन असावं असं म्हटलं होतं. महाराष्ट्राच्या २०२५ च्या ई-वाहन धोरणातही हेच अंतर धरलं आहे. पण आज निघायचं असेल तर आजची परिस्थिती धरूनच निघावं लागतं. म्हणून जलद चार्जर मिळाला तर वेळ वाचला असं समजायचं, आणि बेत मात्र साध्या १६ अँपिअरच्या, म्हणजे गिझरच्या जाड तीन पिनांच्या, पॉइंटवर करायचा. मी स्वतः ज्या क्रमाने सगळं करते त्याच क्रमाने पुढे लिहिते.

पायरी १: आपल्या गाडीला काय लागतं ते पाहा

गाडीचं चार्जिंगचं झाकण उघडून आतलं तोंड नीट बघा. भारतातल्या आजच्या बहुतेक ई-कारना जलद म्हणजे डीसी चार्जिंगसाठी सीसीएस-२ गन (चार्जरच्या वायरचं, गाडीत घालायचं टोक) लागते आणि सावकाश म्हणजे एसी चार्जिंगसाठी टाइप-२. सीसीएस-२ म्हणजे टाइप-२ च्या गोल तोंडाखाली दोन जाड पिना. काही छोट्या गाड्यांच्या स्वस्त मॉडेलला डीसीचं तोंडच नसतं. तुमची गाडी तशी असेल तर नकाशावरचे सगळे डीसी चार्जर तुमच्या उपयोगाचे नाहीत, हे घरीच कळलेलं बरं. काही ठिकाणी जुने, १५ किलोवॉटचे 'भारत डीसी' चार्जर अजून उभे आहेत. त्यांची गन सीसीएस-२ च्या तोंडात बसत नाही.

स्कूटरवाल्यांनी तर ही पायरी सोडूच नये. कारची गन स्कूटरला चालत नाही. एथर आणि हिरोची विडा यांचा जोड एक आहे, ओलाचा वेगळा, आणि कित्येक स्कूटरना जलद चार्जिंगची सोयच नाही. त्यांना घरचा प्लग हाच आधार. पण स्कूटरचा चार्जर एखाद्या इस्त्रीपेक्षाही कमी वीज घेतो, त्यामुळे कोणत्याही ओळखीच्या दुकानात काम होऊन जातं.

आता हिशेब. १६ अँपिअरच्या पॉइंटवर गाडीत तासाला साधारण ३ युनिट भरतात. मध्यम आकाराची ई-कार एका युनिटला ६ ते ७ किलोमीटर जाते. म्हणजे तासाला १८-२० किलोमीटर. रात्री नऊला लावली आणि सकाळी सातला काढली तर ३० युनिट, म्हणजे १८० किलोमीटरची बेगमी झाली. जेवायला थांबलात तेवढ्या वेळात मात्र २० किलोमीटरच मिळतील. छोट्या गावातलं चार्जिंग रात्रीच्या मुक्कामाशी जोडायचं ते यासाठी.

पायरी २: घाटाचं गणित वेगळं मांडा

कराड ते चिपळूण शंभरेक किलोमीटर, तिथून गुहागर आणखी पंचेचाळीसच्या आसपास. कराड पुणे-बेंगळुरू महामार्गावर आणि चिपळूण मुंबई-गोवा महामार्गावर असल्यामुळे दोन्हीकडे जलद चार्जर मिळतात. प्रश्न मधल्या पट्ट्याचा असतो: मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, घाट, पोफळी.

चिपळूणकडून वर येताना गाडी जवळजवळ समुद्रसपाटीवरून सहाशे मीटर चढते. दीड टनाची गाडी तेवढी उचलायला निव्वळ अडीच युनिट लागतात, मोटरमधली तूट धरली तर तीनच्या घरात. रस्ता कापायला लागणारी वीज वेगळी. म्हणजे रेंजच्या (आहे त्या चार्जिंगवर गाडी किती जाईल त्या) आकड्यातून घाटासाठी वीसेक किलोमीटर आधीच वजा करायचे. पावसात काचेवरची वाफ घालवायला गाडीतला एसी लागतो, धुक्यात दिवे लागतात, त्याचे आणखी थोडे. पोफळीच्या पायथ्याला गाडीत ३५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर मी वर निघत नाही, चिपळुणातच भरून घेते.

उतरताना उलटं असतं. ब्रेकऐवजी मोटर गाडीला धरते आणि वीज परत बॅटरीत जाते. मात्र बॅटरी १०० टक्के भरलेली असेल तर ही वीज जायला जागा नसते, आणि मोटरची पकड मिळत नाही. कोयनानगरला मुक्काम करून सकाळी घाट उतरायचा असेल तर ८५-९० टक्क्यांवर चार्जिंग थांबवा. पहिल्या खेपेला मी पूर्ण भरून निघाले होते. गाडी वळणावळणावर नेहमीसारखी धरेना, सगळा भार ब्रेकवर आला. नव्या माणसाला हे कोणी सांगत नाही, आणि कुंभार्लीच्या वळणांवर ते कळायला नको.

पायरी ३: अ‍ॅपवर बघा, मग फोन करा

एकाच अ‍ॅपवर विसंबू नका. टाटा पॉवर, स्टॅटिक, जिओ-बीपी, चार्जझोन, तेल कंपन्यांची अ‍ॅप्स, सगळ्यांचे चार्जर वेगवेगळे आणि पाकिटंही वेगवेगळी. सरकारचं 'ईव्ही यात्रा' अ‍ॅप डिसेंबर २०२२ मध्ये आलं, त्यात अनेक कंपन्यांचे चार्जर एकत्र दिसतात. प्लगशेअरवर लोक स्वतःचे अनुभव आणि फोटो टाकतात. मी सगळ्यात आधी तिथेच बघते की शेवटचं यशस्वी चार्जिंग कोणत्या तारखेला झालं. चार महिन्यांत तिथे कोणी गाडी लावलेली नसेल तर तो चार्जर मी हिशेबात धरत नाही, मग नकाशावरची खूण कितीही हिरवी असो.

जी अ‍ॅप्स लागणार आहेत त्यांत घरूनच खातं उघडा आणि दोन-तीनशे रुपये भरून ठेवा. घाटाच्या परिसरात नेटवर्क जातं-येतं. चार्जरसमोर उभं राहून ओटीपीची वाट बघणं फार त्रासाचं होतं. कंपनीचं टॅप करायचं कार्ड मिळत असेल तर जरूर घ्या, त्याने पुष्कळदा मोबाइलशिवाय काम होतं.

यानंतरचा फोन सगळ्यात महत्त्वाचा. कस्टमर केअरचा नव्हे, चार्जर ज्या पंपावर, हॉटेलात किंवा शोरूममध्ये उभा आहे तिथला. "चार्जर चालू आहे का?" असं विचारलं की समोरून "हो, चालू आहे" हेच उत्तर येतं, कारण त्याला दिवा लागलेला दिसतो. म्हणून मी असं विचारते: आज किंवा काल कोणती गाडी लागली होती का? समोर ट्रक-ट्रॉली उभी नाही ना? रात्री गेटला कुलूप असतं का, असेल तर चावी कोणाकडे? आज लाइट कितीदा गेली? आणि शेवटी, तिथे जो माणूस असेल त्याचा नंबर. शोरूमच्या आवारातला चार्जर अ‍ॅपवर चोवीस तास दिसतो, पण सात वाजता शटर खाली आलं की आवाराचं फाटकही बंद होतं. रविवारी तर विचारूच नका.

महावितरणचं देखभालीचं काम बऱ्याच भागांत आठवड्यातल्या एका ठरलेल्या दिवशी असतं, त्या दिवशी तासन्‌तास लाइट नसते. तुम्ही जाणार त्या गावचा तो वार कोणता, हे याच फोनवर विचारून घ्या.

पायरी ४: चार्जरवर पोचल्यावर

गाडी पूर्ण बंद करा, हँडब्रेक लावा, गनच्या पिना कोरड्या आहेत ना बघा, गन सरळ आत ढकला आणि 'खट्' असा आवाज ऐका. जाड वायरचं वजन गनला खाली ओढतं आणि संपर्क नीट होत नाही. अशा वेळी पहिला मिनिटभर, गाडी आणि चार्जर एकमेकांशी बोलत असतात तोवर, गन हाताने किंचित वर उचलून धरली की बहुतेकदा काम होतं.

स्क्रीनवर 'फॉल्ट' दिसलं की लगेच पाठ फिरवू नका. आधी चार्जरवरचं लाल, छत्रीसारखं बटण बघा. एकदा संध्याकाळी मी १८ टक्क्यांवर एका चार्जरपाशी पोचले. अ‍ॅपवर तो दोन दिवस बंद दिसत होता, पण वाटेवरच असल्यामुळे थांबले. पंपावरचा मुलगा म्हणाला, "बंद पडलाय मॅडम, कंपनीचा माणूस यायचाय." जवळ जाऊन बघितलं तर ते लाल बटण आत दाबलेलं. येता-जाता कोणी तरी, बहुधा एखाद्या लहान मुलाने, दाबलं असणार. बाणाच्या दिशेने फिरवल्यावर ते टक्‌कन बाहेर आलं, दोन-तीन मिनिटांत स्क्रीन पुन्हा सुरू झाली आणि चार्जिंग लागलं. त्या मुलाला मी ते बटण दोनदा दाबून आणि फिरवून दाखवलं. पुढच्या वेळी त्याने आपणहून सांगितलं की मधल्या काळात त्याने अशाच दोन गाड्यांचं काम केलं.

दुसरी जागा म्हणजे मागच्या भिंतीवरचा किंवा पॅनेलमधला एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच. लाइट जाऊन आली की तो पडलेला असतो. तो स्वतः उघडायचा नाही, तिथल्या माणसाला सांगायचं. तिसरा उपाय, गन काढून, गाडी कुलूप लावून-उघडून, पुन्हा लावणं. एवढं करून चालू झालं नाही, तर मात्र वेळ घालवू नका, पुढच्या पायरीकडे वळा.

छोट्या गावात ३० किलोवॉटचा चार्जर जास्त दिसतो. ६० लिहिलेलं असलं तरी दोन्ही गनना गाड्या लागल्या की वाटणी होते. ४० युनिटच्या बॅटरीला १० वरून ८० टक्क्यांवर यायला तास धरा. ८० नंतर वेग खूप मंदावतो, आणि मागे कोणी थांबलं असेल तर तिथेच काढणं योग्य. दर साधारण युनिटला १५ ते २५ रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे घरच्यापेक्षा बराच जास्त.

पायरी ५: १६ अँपिअरचा पॉइंट शोधणे

खरा आधार हाच आहे. लॉज, घरगुती खानावळ, मंगल कार्यालय, राइस मिल, वेल्डिंगचं दुकान, पाहुण्यांचं घर, जिथे गिझर किंवा मोटर चालते तिथे जाड तीन पिनांचा सॉकेट असतो. खोली बुक करतानाच विचारा: गाडी जिथे लागेल तिथून पाच मीटरच्या आत असा पॉइंट आहे का? खिडकीतून वायर बाहेर काढता येईल का? फोटो मागवा. पॉइंट आहे म्हणतात आणि तो निघतो तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये, असं माझ्या बाबतीत झालेलं आहे.

साधा, बारीक वायरचा एक्स्टेंशन बोर्ड अजिबात वापरू नका. गाडी तासन्‌तास सलग १३-१५ अँपिअर ओढते. असा बोर्ड तासाभरात वितळायला लागतो, आणि घर दुसऱ्याचं असतं. माझ्या डिकीत एका वायरमनकडून बनवून घेतलेली, ४ चौरस मिलिमीटर तांब्याची, दहा मीटरची वायर कायम असते, दोन्ही टोकांना औद्योगिक दर्जाचा प्लग आणि सॉकेट. लावल्यावर पंधरा मिनिटांनी प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर चालेल. चटका बसत असेल तर काढा, किंवा गाडीत सोय असेल तर अँपिअर कमी करा.

आता अर्थिंग. आमच्या भागात दहापैकी सात वेळा अडतं ते इथेच. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात माहेरी गेले, रात्री गाडी लावली, तर चार्जिंगच्या डब्यावर (गाडीच्या चार्जिंग वायरला मधे असतो तो) लाल दिवा. भाऊ म्हणाला, गाडीत बिघाड आहे. सकाळी वायरमन काका आले. मीटर लावला: फेज आणि न्यूट्रलमध्ये २२८ व्होल्ट, पण फेज आणि अर्थमध्ये, जिथे जवळपास तेवढेच हवेत, जेमतेम ६०. ते म्हणाले, "ताई, गाडी चांगली आहे. घराचं अर्थिंग मेलंय." मग त्यांनी जास्वंदीच्या मागचा, पालापाचोळ्याखाली गेलेला अर्थिंगचा खड्डा शोधून काढला आणि बाबांना दोन बादल्या पाणी ओतायला सांगितलं. कोरड्या जांभ्याने ते घटाघटा पिऊन टाकलं. आणखी दोन बादल्या. अर्ध्या तासाने आकडा २१० च्या वर गेला आणि डब्यावर हिरवा दिवा लागला. आई म्हणाली, म्हणजे इतकी वर्षं फ्रीजला हात लावला की चुणचुणायचं ते यामुळेच. त्याच आठवड्यात आम्ही नवा खड्डा करून, पाइप घालून, कोळसा आणि मीठ भरून घेतला. गाडीने नकार दिला नसता तर त्या घरातला धोका आम्हाला कळलाच नसता.

तेव्हा लाल दिवा आला की आधी दुसऱ्या खोलीतला सॉकेट बघा, मग खड्ड्यात पाणी, मग वायरमन. अर्थची पिन न्यूट्रलला जोडून 'जुगाड' करून देणारे लोक भेटतील. तसं कधीही करू देऊ नका. न्यूट्रल तुटला तर गाडीचा सगळा पत्रा करंट मारेल. जनरेटरवर आणि घरच्या इन्व्हर्टरवरही गाडी लावायला जाऊ नका. बहुतेक गाड्या घेत नाहीत, आणि इन्व्हर्टरची तेवढी ताकदच नसते.

व्होल्टेजचंही बघा. संध्याकाळी सात ते दहा सगळ्या गावाचा भार एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, असतो. दिवे मंद झाले असतील तर गाडीचं चार्जिंग सारखं तुटतं. अकरानंतर लावा, सकाळपर्यंत सुरळीत होतं.

आणि एक कळकळीची विनंती: विहिरीवरच्या किंवा बोअरच्या शेतीपंपाच्या कनेक्शनवर गाडी लावू नका, शेतकरी प्रेमाने "लावा की" म्हणाला तरी. ते कनेक्शन सवलतीच्या दराचं असतं. दुसऱ्या कामाला वापरलं तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दंड त्या शेतकऱ्याला बसतो, तुम्हाला नाही. घराच्या किंवा दुकानाच्या मीटरवरच लावा. एसटी डेपोत दिसणारे चार्जरही बससाठी आहेत, तिथे विचारून लोकांना अडचणीत टाकू नका.

पायरी ६: पैसे आधी बोला

"किती द्यायचे?" हा प्रश्न सकाळी निघताना नाही, रात्री लावतानाच विचारायचा. समोरच्याला वाटतं गाडी शंभर-दीडशे युनिट खाईल. त्याला सांगा की रात्रभरात जास्तीत जास्त ३० युनिट जातील, आणि मीटरचा आकडा लावताना आणि काढताना दोघांनी मिळून बघा. माझ्याकडे प्लगमध्ये बसणारा छोटा युनिट-मीटर आहे, तो पुढे केला की बोलणंच संपतं. दुकानाच्या दराची वीज महाग पडते, म्हणून मी युनिटला पंधरा रुपये देते. कोणी ते नको म्हणालं तर तिथे जेवते, काही तरी विकत घेते. फुकट चार्जिंग करून गेलेल्या एका गाडीमुळे पुढच्या दहा जणांना "नाही" ऐकावं लागतं, हे मी एका खानावळीत स्वतः अनुभवलं आहे.

काही लॉजवाल्यांना भीती असते की वीज विकली म्हणून महावितरण धरेल. त्यांना सांगा, गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, त्यासाठी वीज विक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. कायमची सोय करायची असेल तर चार्जिंगसाठी महावितरणकडून वेगळं कनेक्शन घेता येतं, त्याचा दरही वेगळा असतो. पाटणच्या एका लॉजवाल्या दादांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी पार्किंगच्या भिंतीवर २० अँपिअरचा एमसीबी आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून स्वतंत्र पॉइंट काढला. बाहेर खडूने लिहिलं, 'येथे कार चार्ज होईल'. आता शनिवारी तिथे आधी फोन करावा लागतो.

पायरी ७: पर्यायाची वही

माझ्या गाडीच्या खणात एक शंभर पानी वही आहे. तीत प्रत्येक जागेपुढे माणसाचं नाव, नंबर, सॉकेट कुठे आहे, वायर किती लागते, लाइट कोणत्या वारी जाते आणि शेवटचं चार्जिंग कधी झालं ते लिहिलेलं आहे. निघताना मी तीन जागा ठरवते: जिथे भरायचं ती, ती बंद निघाली तर दुसरी, आणि दोन्ही फसल्या तर रात्र काढता येईल असं एक घर किंवा लॉज. दुसऱ्या जागेपर्यंत पोचून किमान १५ टक्के उरतील असा हिशेब नसेल, तर पहिल्या जागेकडे निघायचंच नाही.

तरीही कधी आकडा खाली आलाच, तर एसी बंद करा, वेग ४०-५० वर आणा आणि चढ लागण्याआधी थांबा. घाटाच्या मधोमध थांबणं धोक्याचं आहे, पोफळीला किंवा हेळवाकला थांबणं नाही. गाडी पूर्ण बंद पडली तर तिला दोरी बांधून चाकांवर ओढू देऊ नका, मोटर खराब होते. सपाट ट्रकवर चढवूनच न्यायची. गाडीसोबत मिळालेल्या रस्त्यावरच्या मदतीचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपलेली असते.

पावसाळ्यात गन लावताना भिजली तर घाबरू नका, ती पावसासाठीच बनवलेली असते. १६ अँपिअरचा प्लग आणि सॉकेट मात्र तशी नसतात. ती आडोशाला, जमिनीपासून वर असावीत, आणि चार्जिंगचा डबाही साचलेल्या पाण्यात ठेवू नये. मी तो खिळ्याला टांगते. जून-जुलैत झाड पडून लाइट दोन-दोन दिवस गेलेली मी पाहिली आहे. त्या दोन महिन्यांत घाट ओलांडायचा असेल तर आदल्या रात्रीच गाडी ९० टक्क्यांवर आणून ठेवा. चिपळुणात उतरल्यावरही, पुढे गरज नाही असं वाटलं तरी, अर्धा तास गन लावून घ्या.